बारा बोरची दुनळी की ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर?

शस्त्र परवान्याच्या अर्जात हत्याराचा प्रकार लिहायची वेळ आली की आमच्याकडे बहुतेक जण डोळे झाकून रिव्हॉल्व्हर लिहितात. लहान असतं, कमरेला लावता येतं आणि खरं सांगायचं तर रुबाब असतो. बारा बोर म्हटलं की बँकेच्या दारातला वॉचमन डोळ्यांसमोर येतो. मी दोन्ही वापरली आहेत. दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बारा बोर बंदूक, वडिलांची. ते सत्तरीला पोचल्यावर वारस म्हणून माझ्या नावावर झाली. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. रिव्हॉल्व्हर मी हौसेनं घेतलं, काही वर्षं बाळगलं आणि रीतसर कळवून विकलं. राहतो मळ्यात. ऊस उंच झाला की शेजारचं घर दिसत नाही. माझं मत तिथं बसून बनलेलं आहे, हे धरून पुढचं वाचा.

कायदासुद्धा या दोघांकडे एका नजरेनं बघत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ काढून बघा. किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक स्वसंरक्षणासाठी हवी असेल आणि नाकारण्यासारखं काही नसेल, तर परवाना देण्याकडेच कायद्याचा कल आहे. बाकी हत्यारांसाठी तुमच्याकडे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. रिव्हॉल्व्हर त्या 'बाकी'त येतं. फाइल दोन्हींची फिरतेच, पोलीस अहवालही दोन्हींना लागतो. पण बारा बोरच्या अर्जाला उलटे प्रश्न कमी येतात असं मी तरी पाहिलंय. तुमच्या जिल्ह्यात वेगळं असू शकेल. आणि 'दोन्ही घेऊन टाकू' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २०१९च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात.

आता रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ बोर हे वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं आहे. खटका दाबून नळी खाली पाडली की सहाही घरं समोर उघडतात, भरणं-रिकामं करणं सोपं. २०१४ साली आलेलं 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर अर्धा किलोच्या आसपास आहे. महिलांसाठी म्हणून गाजलं, पण हलकं म्हणून पुरुषांनाही आवडतं. तक्रार चापाची. घोडा (मागची हातोडी) न ओढता नुसता चाप दाबून झाडायला गेलं की बोटाला इतका जोर लावावा लागतो की नळी आपोआप खाली जाते. घोडा ओढून झाडलं तर नेम बरा लागतो, पण घाबरलेल्या माणसाला तेवढं भान राहतं का, याबद्दल मला शंका आहे. सराव केला तर फरक पडतो, हे कबूल. पण सराव करायचा कुठं? शूटिंग रेंज बहुतेक तालुक्यांत नाही, मळ्यात झाडावं तर शेजारी पोलिसांना फोन करतात, आणि परवान्यावरची काडतुसं मोजून असतात, वर त्यांचा हिशेब द्यायचा.

दुनळीला नेम धरावा लागत नाही असं नाही, पण ती नेमात थोडं सांभाळून घेते. दस्ता खांद्याला टेकला, गाल लाकडावर आला की हात थरथरला तरी फार बिघडत नाही. दोन चाप: पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. त्यात गोंधळण्यासारखं काही नाही. दोष आहेतच. लांबी एवढी की आमच्या माजघराच्या दारातून ती घेऊन वळताना नळी चौकटीला लागते. दोनच काडतुसं. आणि पावसाळ्यात पंधरा दिवस तेलाचं फडकं फिरवलं नाही तर नळीवर तांबूस ठिपके दिसायला लागतात. तेव्हा घरात वापरायची सोय बघितली तर रिव्हॉल्व्हर पुढे आहे, असंच कोणीही म्हणेल.

मला पटलं नाही ते वेगळ्याच गोष्टीमुळे. रिव्हॉल्व्हरचा सगळा फायदा ते अंगावर असण्यात आहे, आणि अंगावर ठेवून जायचं कुठं, याचं उत्तर मला मिळालं नाही. परवान्याच्या अटी वाचा: जत्रा, धार्मिक मिरवणूक, जमाव, शाळा-कॉलेजचं आवार, कुठंच न्यायचं नाही. कोर्टात आणि बऱ्याच कार्यालयांत दारातच अडवतात. म्हणजे आपल्यासारखा माणूस घराबाहेर पडून जिथं जातो, त्यातली निम्मी ठिकाणं बाद. मग गाडीत ठेवून उतरावं? नियम म्हणतो की सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. कुलूप लावलेल्या गाडीतला खण म्हणजे ताबा नव्हे. काच फोडून कोणी नेलं तर चोरीची फिर्याद बाजूलाच राहते, निष्काळजीपणाची नोटीस आधी येते.

एकदा एका कार्यालयात सातबाऱ्याच्या कामासाठी गेलो होतो. दारावरच्या शिपायाला कमरेचा फुगवटा दिसला. त्यानं बाजूला घेतलं, परवाना बघितला, साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "दादा, हे बाहेर कुणाकडं तरी देऊन या." कुणाकडं? दुसऱ्याच्या हातात देणं हाच गुन्हा. तसाच परत फिरलो, काम राहिलं. घरच्या लग्नात तर आणखी पंचाईत. भाचरं धावत येऊन कमरेला मिठी मारतात आणि आपण कोपर आत दाबून उभे. बायको लांबूनच डोळे वटारते. शेवटी मी ते घरातच ठेवायला लागलो. आणि घरातच ठेवायचं तर रिव्हॉल्व्हर कशाला, हा प्रश्न आपोआप आला.

दुनळीला ही कटकट नाही. ती कुठं न्यायची नसतेच. नळी, दस्ता आणि पुढचं लाकूड असे तीन भाग सुटे होतात. मी नळी एका कपाटात आणि बाकीचं दुसऱ्यात ठेवतो, काडतुसं तिसरीकडे. लहान मुलं असलेल्या घरात मला हे फार बरं वाटतं, जरी रात्री जुळवायला थोडा वेळ जातो.

निवडणुकीचा त्रास मात्र दोघांनाही सारखा. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येतो. कुणाचं जमा करायचं ते छाननी समिती ठरवते, सगळ्यांची हत्यारं सरसकट जमा करायची नाहीत असं कागदावर आहे. आमच्याकडे अनुभव निराळा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, मग बाजार समिती. जमा केलेली वस्तू परत घेताना तेल लावून नेलं होतं की नाही ते लगेच कळतं.

आणि हत्यार कोणतंही असो, झाडायचं कधी हे तुमच्या मनावर नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. रात्रीची घरफोडी, दरोडा, जिवाची सार्थ भीती, इथपर्यंत कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. पण मोटरपंप उचलून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर तुम्ही आरोपी. रानडुकरासाठी बंदूक घेतोय म्हणणाऱ्यांनाही हेच. परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही, वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याच्या भीतीनं बंदुकीचा विचार करणारे भेटतात. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. तिथं बंदिस्त गोठा आणि अंगणातला दिवा यांचा उपयोग मला जास्त वाटतो.

मग रिव्हॉल्व्हर कुणी घ्यावं? पेट्रोल पंपाची रोकड रोज रात्री घेऊन निघणारा, सराफ, ज्याला प्रवासातच धोका आहे आणि ज्याचं ठरलेलं घर-दुकान-बँक सोडून फारसं फिरणं नाही, त्यानं जरूर घ्यावं. त्याला दुनळीचा काही उपयोग नाही. बाकी वस्तीवर राहणाऱ्याला, माझं विचाराल तर, बारा बोर पुरे.

घेताना नवीच घ्या असं नाही. जुन्या दुनळ्या चांगल्या मिळतात. फक्त काडतुसाच्या घराची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी आधी तपासून घ्या. जुन्या विलायती बंदुकांची घरं बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असतात आणि त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसलं तरी झाडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही, दाब भलताच वाढतो. नळी उजेडाकडे धरून आत खड्डे दिसतात का तेही बघा, आणि बिजागरीत खडखड असेल तर विक्रेता काहीही म्हणो, आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा.