अपिलाचं सर्टिफिकेट 'नक्की मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून सांभाळा

अमेरिकेत तुमचं कुणी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात असेल, तर हे वाचा. प्रकरण माझ्या मावसभावाचं आहे. त्याला विचारूनच लिहितोय.

शिक्षेविरुद्ध कलम 2255 खाली त्याने केलेला अर्ज न्यू जर्सीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाने फेटाळला. अशा निकालावर सरळ अपील चालत नाही. 1996 च्या कायद्यापासून आधी 'सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी' लागतं, म्हणजे घटनेने दिलेला हक्क डावलला गेला असं म्हणायला निदान वादापुरती तरी जागा आहे, हे दाखवावं लागतं. डिस्ट्रिक्ट कोर्टाने निकालातच ते नाकारलं होतं. या टप्प्यावर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नसतो, आणि खासगी वकिलापायी घर आधीच रिकामं झालेलं.

अशा वेळी वहिनीला कुणाकडून तरी एक 'पॅरालीगल', म्हणजे वकिलांचा मदतनीस म्हणवणारा, गाठ पडला. हिंदीत गोड बोलायचा, भाभीजी म्हणायचा. "सर्किट कोर्टात (म्हणजे अपील कोर्टात) माझी रोजची उठबस आहे, सर्टिफिकेट नक्की." भाव 4,800 डॉलर, त्यातले 2,500 म्हणे कोर्टाची फी. मिरजेत मावशीने एफडी मोडली.

खरी गोष्ट अशी की अपिलाची फी 605 डॉलर आहे. सर्टिफिकेट मागायला वेगळा छदामही लागत नाही, आणि ऐपत नसेल तर फी माफीचा अर्ज करता येतो.

पण पैशांपेक्षा त्याने वेळ खाल्ला, ते जास्त लागलं. त्याने डिस्ट्रिक्ट कोर्टातच 'नकाराचा फेरविचार करा' असा अर्ज टाकला आणि वहिनीला सांगितलं, "आता मुदत थांबली, निवांत राहा." मुदत थांबतच नाही! 2255 च्या कामकाजासाठी जे नियम आहेत, त्यातल्या नियम 11 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. 2255 च्या निकालानंतर अपिलाची नोटीस द्यायला 60 दिवस असतात (राज्याच्या कैद्याला, म्हणजे कलम 2254 मध्ये, फक्त 30). ते 60 दिवस फेरविचाराची वाट बघण्यात गेले.

मी पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांचे कागद जिथे ऑनलाइन मिळतात तिथे, खटल्याचे कागद काढले, पानाला दहा सेंट. एजंटाच्या अर्जात सगळीकडे 2254 लिहिलेलं, आणि सातव्या पानावर भलत्याच कैद्याचं नाव राहून गेलेलं. खाली सही मात्र भावाच्या नावाची, आणि तो कागद त्याने कधी पाहिलाच नव्हता. वकील नसलेल्याला दुसऱ्यासाठी कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून ही सोय.

पुढचं काम तुरुंगाच्या लॉ लायब्ररीतल्या एका म्हाताऱ्या कैद्याने केलं, फुकट. मुदत उलटल्यावर आणखी 30 दिवसांत, सबळ कारण दाखवून, वाढ मागता येते. भावाने तो अर्ज आणि सोबत अपिलाची नोटीस स्वतःच्या हाताने लिहिली. सर्टिफिकेटचा वेगळा अर्ज नसला तरी अपील कोर्ट त्या नोटिशीलाच अर्ज मानतं. पाकीट तुरुंगाच्या लीगल मेलमध्ये दिलं, तारीख आणि टपालखर्च भरल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. 1988 च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालापासून कैद्याने पाकीट तुरुंगाच्या हवाली केलं की ते दाखल झालं असं धरतात.

तरी धाकधूक होतीच. 2007 च्या बोल्स विरुद्ध रसेल खटल्यात न्यायाधीशानेच चुकून 14 ऐवजी 17 दिवस दिले होते. कैद्याने त्या 17 दिवसांच्या आत नोटीस दिली, तरी सुप्रीम कोर्टाने अपील गेलं ते गेलंच असं ठरवलं. जिथे न्यायाधीशाचा शब्द तारत नाही, तिथे एजंटाचा काय तारणार?

भावाला वाढ मिळाली. सर्टिफिकेट मात्र फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने नाकारलं. बहुतेकांना नाकारतातच, त्याबद्दल तक्रार नाही. एजंटाचा फोन आता बंद आहे. न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाची, वकील नसताना वकिली करणाऱ्यांची चौकशी करणारी एक समिती आहे. पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि ते सातवं पान जोडून वहिनीने तिथे तक्रार दिली आहे.