मुक्त विद्यापीठातून बीए : पहिलं वर्ष पार पडल्यावरचा सविस्तर अनुभव

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बीए करावं का, असं मला सध्या ओळखीच्या बायका सारख्या विचारतात. बहुतेक जणी माझ्यासारख्याच आहेत. बारावी झाली, लग्न झालं, मग शिक्षण तिथंच थांबलं. माझं पहिलं वर्ष निकालासकट पूर्ण झालंय, म्हणून जे वापरून पाहिलं ते सगळं एकदा नीट लिहून काढते.

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. सकाळी अंगणवाडी, दुपारी गृहभेटी आणि वजनं, संध्याकाळी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी, रात्री घर. सरळसेवेने मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, व्हायचं तर पदवी लागते. कॉलेजात रोज जाऊन बसणं मला शक्य नव्हतं. इग्नूचाही, म्हणजे केंद्राच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचाही, विचार केला होता, पण तिथला अभ्यास प्रामुख्याने हिंदी-इंग्रजीतून आणि मला पुस्तकं मराठीत हवी होती.

लोकांच्या मनातली पहिली शंका असते, हे खासगी तर नाही ना? नाही. राज्य विधिमंडळाने कायदा करून १ जुलै १९८९ ला हे विद्यापीठ स्थापन केलं. मुख्यालय नाशिकजवळ गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. बाकीच्या विद्यापीठांना दोन-चार जिल्ह्यांची हद्द असते, याचं कार्यक्षेत्र म्हणजे अख्खा महाराष्ट्र. विभागीय केंद्रं आहेत, त्यांच्या खाली तालुक्या-तालुक्यात अभ्यासकेंद्रं, आणि आपला रोजचा संबंध येतो तो या अभ्यासकेंद्राशीच.

प्रवेश ऑनलाइन होतो. फोटो, सही, बारावीचं गुणपत्रक, फी. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. फी भरूनही माझ्या एका महिन्याच्या मानधनातले बरेच पैसे उरले, एवढं सांगते. कायम नोंदणी क्रमांक मिळाला की तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक कामाला तोच विचारतात.

खरी गोष्ट आहे पुस्तकांची. शाळेतलं पुस्तक शिकवणाऱ्या बाईंसाठी लिहिलेलं असतं, बाई समजावून सांगतील हे त्यात गृहीत असतं. इथलं पुस्तक एकट्याने वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं आहे. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं दिलेली असतात, म्हणजे हे वाचून झाल्यावर आपल्याला काय यायला हवं ते आधीच कळतं. मग विवेचन, मध्ये मध्ये छोटे स्वयंअध्ययन प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं आणि सरावासाठी स्वाध्याय. दोन-तीन पानं वाचली की थांबून प्रश्न सोडवायचे आणि मागे पडताळायचे. रात्री भांडी आवरून बसलं की अर्धा-पाऊण तास मिळायचा, त्यात एक तुकडा पुरा व्हायचा. ज्या कुणी हा साचा ठरवला, त्याला रात्री दमून वाचणारी माणसं माहीत असणार, असं मला मनापासून वाटतं.

भाषा मात्र जड आहे. पहिल्या महिन्यात समाजशास्त्राचं एकेक वाक्य मी तीनदा वाचत होते. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मोठ्याने वाचणं. माझा आठवीतला मुलगा समोर बसायचा आणि 'आई, म्हणजे काय?' विचारायचा. त्याला आपल्या बोलीत सांगता सांगता माझंच पक्कं होत गेलं. पुस्तकं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, लसीकरणाच्या दिवशी बायकांची वाट बघताना, कुठेही उघडता येतात.

राज्यशास्त्र वाचताना माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली. संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४७ आहे. लोकांचं पोषणमान आणि राहणीमान उंचावणं, सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, असं ते सांगतं. आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने बदललेलं कलम ४५ म्हणतं, सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या बालकांचं संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्न करावेत. सहा वर्षांपर्यंतची बालकं म्हणजे माझीच अंगणवाडी की! अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात ती एकात्मिक बालविकास योजना १९७५ ला सुरू झाली हे प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण आपण रोज जे वाटतो, मोजतो, लिहितो ते थेट संविधानाशी जोडलेलं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात गावातल्या एका सासूबाईंनी 'सरकार खाऊ फुकट वाटतंय, म्हणून नातवाला आणायचं का?' असा प्रश्न केला, तेव्हा मी त्यांना ओट्यावर बसून कलम ४७ समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची सून नातवाला घेऊन यायला लागली.

आता रविवारची संपर्कसत्रं, म्हणजे अभ्यासकेंद्रावर भरणारे वर्ग. पुस्तक घरी वाचता येतं, मग सत्राला कशाला जायचं, असं काही जण म्हणतात. मी तर म्हणेन, शक्य होईल तितकी सत्रं गाठा. आमच्या सत्राला कोण कोण असतं, ते ऐका. पोलीस शिपाई आहेत एक, रात्रपाळी करून तसेच येतात. पतसंस्थेतला पिग्मी एजंट आहे. दोन आशाताई आहेत. सैन्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते सगळ्यांच्या आधी पहिल्या बाकावर बसतात. एक मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी केली, मग बारावी केली आणि आता आमच्याबरोबर बीएला आहेत. त्यांची मुलगी पुण्यात नोकरीला आहे, ती फोनवर त्यांचा अभ्यास घेते.

आणि एक मुलगा आहे, त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि तोही त्यांच्याबरोबर कोयता घेऊन जातो. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते, ती पाडव्याच्या आसपास परत येते. म्हणजे नेमकी सगळी सत्रं त्या काळात. त्याने मोबाइलमध्ये पुस्तकं भरून नेली आणि कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वाचली. आम्ही एक व्हॉट्सॲप गट केला होता. सत्रात सरांनी जे सांगितलं ते शिपाईभाऊ बोलून रेकॉर्ड करायचे आणि त्याला पाठवायचे. नियमित कॉलेजने या मुलाला हजेरी नाही म्हणून घरी बसवलं असतं. इथं त्याचं नाव पटावर राहिलं, परीक्षेचा अर्ज भरला गेला आणि मे महिन्यात तो आमच्याबरोबर परीक्षेला बसला.

शिकवणाऱ्यांना इथं समंत्रक म्हणतात. आमच्या समाजशास्त्राच्या सरांची पद्धत मला फार आवडली. कुटुंबसंस्था शिकवताना ते म्हणाले, पुस्तक बाजूला ठेवा, तुमच्या घरात निर्णय कोण घेतं ते सांगा. त्या दिवशी पन्नाशीच्या मावशी पहिल्यांदा बोलल्या. लग्न झालं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, दहावीची परीक्षा द्यायची राहिली होती. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाताना मुलीला एकटं कुठं ठेवायचं, म्हणून लवकर लग्न लावून देतात, हे मी अंगणवाडीच्या कामात रोज बघते. पण वर्गात त्यावर अशी चर्चा झाली, की पिग्मी एजंटभाऊ घरी जाऊन पुतणीच्या लग्नाबद्दल भावाशी बोलले. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी भरलेल्या वर्गात हे झालं असतं का, मला शंका आहे. आयुष्य बघितलेली माणसं एकत्र शिकतात तेव्हा पुस्तकातल्या प्रत्येक पानाला कुणाचं तरी उदाहरण मिळतं.

आमच्या सत्राबाहेरही पसारा मोठा आहे. माळी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रापासून नोकरीतल्या शिक्षकांच्या बीएडपर्यंत, ग्रंथालयशास्त्रापासून एमबीएपर्यंत शिक्षणक्रम आहेत. तुरुंगातल्या बंद्यांसाठीसुद्धा अभ्यासकेंद्रं चालतात. दरवर्षी लाखो माणसं या विद्यापीठात शिकतात, आणि त्यातली कितीतरी अशी, की ज्यांना दुसऱ्या कुठल्या वर्गात जागा नव्हती.

परीक्षेबद्दल स्पष्ट सांगते, कारण 'मुक्त म्हणजे सोपं' अशी समजूत पसरलेली आहे. माझ्या शिक्षणक्रमात २० गुण गृहपाठाचे आणि ८० लेखी परीक्षेचे होते. पेपर तीन तासांचा. ज्यांचा लिहिण्याचा सराव सुटलाय त्यांना पहिल्या तासाभरातच बोटं भरून येतात. मराठवाड्यातला मे महिना असतो, तेव्हा पाण्याची बाटली न्यायचीच. फेब्रुवारीपासून रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहा, सरावाचे स्वाध्याय त्यासाठी पुरेसे आहेत. स्टँडजवळ तयार गृहपाठ विकत मिळतात, ते घेऊ नका. गृहपाठ स्वतः लिहिला त्यांनाच पेपरात वेळ पुरला, हे मी आमच्या वर्गात बघितलंय.

मला सगळ्यात जास्त उणीव जाणवली ती वाचायला जागेची आणि संदर्भपुस्तकांची. घटकाच्या शेवटी अधिक वाचनासाठी पुस्तकांची नावं असतात, पण तालुक्याच्या गावात ती मिळत नाहीत. मी सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाले, काही तिथं मिळाली. बाकी मराठी विश्वकोशाने भागवलं, तो संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. यशवंतराव मुख्यमंत्री असताना १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष होते, आणि विश्वकोशाचं काम तिथूनच सुरू झालं. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फीची सवलतही यशवंतरावांच्याच काळातली. त्यांचं नाव या विद्यापीठाला आहे, याचं मला आता फार मोल वाटतं. पण दूरशिक्षण देणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेने तालुक्याला निदान एक खोली आणि एक कपाट पुस्तकं द्यायलाच हवीत. ज्या बाईच्या घरात दिवा लावून बसायला कोपरा नाही, तिला नुसती पीडीएफ पुरत नाही.

पदवी चालते का? आमच्या ओळखीतल्या एकाला एका खासगी संस्थेने 'बाहेरून केलेली पदवी' म्हणून मुलाखतीतूनच परत पाठवलं. त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्याने पेट्रोल पंपावर काम करत ती मिळवली होती. नियम त्याच्या बाजूने आहे. मान्यताप्राप्त संस्थांमधून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीला समकक्ष धरावी, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्येही पुन्हा स्पष्ट केलं. ते पत्रक छापून गुणपत्रकांच्या फाईलमध्ये ठेवा. ज्या शिक्षणक्रमाला प्रवेश घ्यायचाय त्याला त्या वर्षाची मान्यता आहे का, हेही यूजीसीच्या यादीत तपासूनच फी भरा.

कुणी घेऊ नये, तेही सांगते. ज्यांना रोज कुणीतरी अभ्यासाला बसवावं लागतं, आणि ज्यांना कॉलेजात जाणं शक्य आहे, त्यांनी कॉलेजातच जावं. अठराव्या वर्षी मिळणारं कॉलेज, त्यातल्या मैत्रिणी, ग्रंथालय, स्नेहसंमेलन हे सगळं घ्यावं. मला ते मिळालं नाही आणि इथं ते मिळत नाही.

मी सगळ्या विषयांत पास झाले. समाजशास्त्रात सर्वांत जास्त गुण आहेत. मावशींचा एक विषय राहिला, तो त्या पुन्हा देणार आहेत आणि शिपाईभाऊंनी त्यांना त्याची टिपणं काढून दिली आहेत. ऊसतोडीच्या मुलाने टोळी निघायच्या आत दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरलाय. माझाही भरून झालाय. या वर्षी प्रवेश घेणार असाल तर मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, बारावीचं गुणपत्रक आणि आधारवरचं नाव सारखं आहे का ते आजच बघा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून घ्या.