फुलपाखरांची बाग: लाल-केशरी लावायचं की जांभळं-पांढरं?

शेजारच्या वहिनी अडकल्यात, जागा पाच-सहा फुटांचीच आणि रंग कुठला घ्यायचा ठरेना.

लाल-केशरी म्हणजे इक्झोरा, हळदीकुंकू, पिवळी-केशरी घाणेरी. मोठी फुलपाखरं लालकडं हमखास येतात, आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत पण इक्झोऱ्यावर पंख फडफडवतच मध पितं, नीट बसत नाही, ते बघायला लय भारी वाटतं. हळदीकुंकवावर बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, म्हणजे अळ्या पानं खाणारच, फवारा मारायचा नाही. हळदीकुंकवाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घाणेरी मात्र कुंडीतच ठेवा आणि छाटत राहा, मोकळी सोडली की सगळीकडं पसरते.

जांभळं-पांढरं म्हणजे पेंटास आणि पसरणारी जांभळी लँटाना. इथं छोटी फुलपाखरं जास्त दिसतात, आणि संध्याकाळी अंधारायला लागलं तरी पांढरा रंग उठून दिसतो. पण कोल्हापूरच्या पावसात पेंटासच्या मुळाशी पाणी साचलं की झाड गेलंच, त्यामुळं वाफा उंच पाहिजे. इक्झोरा त्या मानानं चिवट.

खर्चात फार फरक नाही, दोन्ही फांदीपासून करता येतात, फक्त इक्झोऱ्याला मूळ धरायला वेळ लागतो.

एकेक रोप विखरून लावू नका, एका रंगाची तीन-चार रोपं जवळजवळ लावा, फुलपाखरांना लांबून दिसतं. भरपूर ऊन, कमी देखभाल आणि मोठी फुलपाखरं पाहिजेत तर लाल-केशरी घ्या. बाल्कनी, कुंड्या, शांत रंग आवडत असतील तर जांभळं-पांढरं. वहिनींना मी मागं इक्झोरा आणि पुढं पांढरा पेंटास सांगितलाय, सोबत कुंडीत एक लिंबू, नीलवंताच्या अळ्यांसाठी.