अकरा महिने ऑनलाइन कोर्स चालवल्यावर: स्क्रीन प्रिंटिंग शिकवताना आलेला अनुभव

कपड्यावर स्क्रीन प्रिंटिंग करून देणं हा माझा मूळ धंदा. जोडीला छपाईचं साहित्य विकते. साहित्य नेणाऱ्यांचे फोन दिवसभर सुरू असायचे: स्क्रीन (छपाईची जाळीची चौकट) धुताना इमल्शनच (जाळीवर लावायचा, प्रकाशाने घट्ट होणारा थर) निघून गेलं, शाई दोन धुण्यांत तडकली, बारीक अक्षरं भरून आली. तीच उत्तरं रोज फोनवर देण्यापेक्षा एकदा नीट शिकवावं, म्हणून कोर्स काढला. आज अकरा महिने झाले. कोर्स चालला, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही. व्हिडिओंवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, आणि लोक टिकले ते गृहपाठामुळे.

पहिल्या आवृत्तीत नुसते व्हिडिओ होते. काही चाळीस मिनिटांच्या वर. लोक पैसे भरायचे, पहिले दोन धडे बघायचे आणि गप्प व्हायचे. मी त्यावर आणखी व्हिडिओ करत राहिले. मग २०१४ सालच्या एका संशोधनाबद्दल वाचलं. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समधली व्हिडिओ बघण्याची सुमारे ६९ लाख सत्रं त्यात तपासली होती. व्हिडिओ कितीही मोठा असला तरी निम्मे तरी प्रेक्षक साधारण ६ मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. टेबलाशी बसून साधेपणाने केलेलं चित्रीकरण महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा जास्त बघितलं जात होतं, हेही त्यात होतं.

मी धडे कापले. तरी ६ मिनिटांचा नियम डोळे मिटून पाळू नका असं सांगेन. तो अभ्यास विद्यापीठांच्या कोर्सचा होता, हाताच्या कामाचा नव्हता. एक्सपोजर, म्हणजे चित्राच्या फिल्ममधून इमल्शनवर प्रकाश देणं, झाल्यावर स्क्रीन धुण्याचा माझा धडा अजूनही ११ मिनिटांचा आहे आणि तो मी कापणार नाही. पाणी मारल्यावर चित्र हळूहळू कसं उघडतं, कुठे हात थांबवायचा, हे सलग बघितल्याशिवाय डोळ्यात बसत नाही.

खरा बदल पट्टीच्या चाचणीने घडवला. इमल्शन लावलेल्या एकाच स्क्रीनवर पुठ्ठा थोडा थोडा सरकवत पाच पट्ट्यांना वेगवेगळा वेळ प्रकाश द्यायचा. मग धुवायचं. कमी प्रकाश मिळालेल्या पट्टीतलं इमल्शन पाण्याबरोबर वाहून जातं, जास्त मिळालेल्या पट्टीत बारीक रेषा उघडतच नाहीत. मधली कुठली तरी पट्टी आपली. तिचा फोटो उजेडासमोर धरून काढायचा, अपलोड करायचा, आणि मी बघून हो म्हटल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. सुरुवातीला धाकधूक होती, की अडवलं तर लोक सोडून जातील. झालं उलटंच. फोटो पाठवला की माणूस उत्तराची वाट बघतो, आणि उत्तर आलं की पुढे जातो.

ते फोटो बघून मी स्वतः शिकले, आणि मला वाटतं धंदा करणाऱ्या कुणालाही कोर्समधून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. अनेकांच्या पाचही पट्ट्या सारख्याच धुऊन जात होत्या. वेळ वाढवली तरी तेच. सांगून सांगून थकल्यावर लक्षात आलं, की त्यांचं इमल्शन आतून ओलंच होतं. माझ्याकडे स्क्रीन वाळवायची बंद, कोरडी खोली आहे. हात लावून बघणं, थांबणं, हे इतक्या वर्षांच्या सवयीने होतं की धड्यात सांगायचं सुचलंच नाही. आख्ख्या कोर्समध्ये वाळवण्यावर एक वाक्य नव्हतं! आता त्यावर स्वतंत्र धडा आहे. ज्याला काम येतं त्याला आपण काय काय करतो हे दिसत नाही. ते शिकणाऱ्याच्या चुकीतून दिसतं. म्हणून पहिली तुकडी छोटी घ्या आणि सगळं आधी चित्रित करून ठेवू नका. मी ठेवलं होतं, त्यातलं बरंच टाकून द्यावं लागलं.

आता सॉफ्टवेअरबद्दल. सुरुवात एका तयार प्लॅटफॉर्मवर केली होती. विक्रीचं पान, पैसे घेणं, सवलतीचे कूपन हे सगळं एका दिवसात उभं राहिलं, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण माझ्या प्लॅनमध्ये गृहपाठ तपासून मग पुढचं दार उघडण्याची सोय नव्हती, आणि सोडताना कोण कुठपर्यंत आलंय ही नोंद बरोबर नेता आली नाही. तिसऱ्या महिन्यात मूडलवर आले. ऑनलाइन कोर्स चालवण्यासाठीचं, २००२ पासून चालत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. गृहपाठ, प्रश्नसंच, अमुक पूर्ण झाल्यावरच तमुक उघडणं, हे सगळं त्यात मुळातच आहे. शिवाय पूर्ण कोर्सचा बॅकअप एका एमबीझेड फाइलमध्ये निघतो. ती फाइल माझ्या हातात असते, याचा मला फार आधार वाटतो.

मात्र सर्व्हर स्वतः सांभाळायचा तर अभ्यास करावा लागतो. मूडलची बरीच कामं क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या सर्व्हरच्या सोयीवर, चालतात आणि ते दर मिनिटाला चालायला हवं. मी ते लावलंच नव्हतं. कित्येक दिवस सूचनांचे मेल गेलेच नाहीत, आणि लोक उत्तर का देत नाहीत म्हणून मी मनात खट्टू होत होते. नंतर मेल गेले ते स्पॅममध्ये, कारण डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या, नोंदी नव्हत्या. व्हिडिओ सर्व्हरवर ठेवू नका, वेगळ्या व्हिडिओ सेवेवर ठेवून धड्यात जोडा. हे जमणारं कुणी हाताशी नसेल आणि शिकायला वेळही नसेल, तर तयार प्लॅटफॉर्मच बरा. फक्त घेण्याआधी गृहपाठाची सोय आणि बाहेर पडायचा रस्ता बघून घ्या.

चित्रीकरणात आवाजाला पहिला मान. कॉलरला लावायचा साधा माइक आणि भिंतींवर जाड पडदे यांनी जे साधलं ते नव्या कॅमेऱ्याने साधलं नसतं. फोनवर चित्रण करून आवाज वेगळा रेकॉर्ड करत असाल तर एक त्रास ठरलेला: फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपतो तो आकडा) कमी-जास्त होत राहतो, आणि एडिटिंगमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे पडतात. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेम रेटची करून घ्या.

व्हिडिओ चोरीला जातील ही काळजी मलाही होती. डीआरएमने, म्हणजे व्हिडिओला लावलेल्या डिजिटल कुलपाने, डाउनलोड अवघड होतं, पण पडद्यासमोर दुसरा फोन धरणाऱ्याला कोण अडवणार? माझे काही धडे फिरतातही. त्रास होतो, पण त्यांच्यामागे धावणं मी सोडलं. फोटो बघून दिलेलं उत्तर त्या फाइलबरोबर जात नाही.

वेळेचं म्हणाल तर रोज संध्याकाळचा तासभर तपासण्यात जातो, म्हणून तुकडीत माणसं मोजकीच घेते. कोर्स एकदा केला की झोपेतही पैसे येतात असं कुणी सांगत असेल, तर माझा अनुभव तसा नाही. दुकानाला झालेला फायदा वेगळा आहे. फोन अजून येतात, पण आता माणूस विचारतो, की ७७ च्या मेशवर (जाळीच्या विणीवर) माझी तिसरी पट्टी बरोबर आली, मेश बदलली तर वेळ किती बदलू? असा फोन मी हातातलं काम बाजूला ठेवून घेते.

सध्या शाई पक्की करण्याचा धडा नव्याने करतेय. नेहमीची प्लास्टिसोल, म्हणजे उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकची शाई आतपर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअसला पोचली तरच पक्की होते. लोक मशीनवरचा आकडा बघतात, शाईचं तापमान बघत नाहीत. गृहपाठ ठरलाय: छापलेला कपडा दोन्ही हातांनी ताणायचा, तडा जातो का तो व्हिडिओ पाठवायचा, मग पाच वेळा धुवून पुन्हा तेच.