34 इंची अल्ट्रावाइड (जास्त रुंद) मॉनिटर, लिनक्सवर आठ महिने

3440 बाय 1440 पिक्सेल, आयपीएस जातीचं पॅनेल, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो) 100 हर्ट्झ. जोडीला एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आणि वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी पद्धत) केडीई प्लाझ्मा 6 हा डेस्कटॉप. वापर रोजचा: टर्मिनल, कोड, ब्राउझर.

लिनक्सवाल्याने इंच मोजण्याआधी पिक्सेलची दाटी बघावी. इथे इंचाला साधारण 110 पिक्सेल बसतात, म्हणजे 27 इंची 1440पी (2560 बाय 1440) मॉनिटरइतकेच. स्केलिंग (अक्षरं-खिडक्या मोठ्या करून दाखवणं) 100 टक्क्यांवर ठेवूनही अक्षरं नीट वाचता येतात, त्यामुळे सव्वापट-दीडपटीची भानगड उरत नाही. त्या भानगडीत एक्सवेलँडवर (वेलँड न समजणाऱ्या ॲप्ससाठीची सोय) चालणारी जुनी ॲप्स पुसट दिसू शकतात. याच 34 इंचात 2560 बाय 1080 चे स्वस्त मॉनिटरही मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. इंचाला जेमतेम 82 पिक्सेल. इंग्रजी कोड कसाबसा चालून जातो, पण 'द्ध' आणि 'द्य' यांतला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो.

उंची वाढेल ही आशा सोडा. पडदा 80 सेंमी रुंद आणि 33 सेंमी उंच. 27 इंचीच्या मानाने दोन्ही बाजूंना 440-440 पिक्सेल जास्त मिळतात, आणि 16:9 चा व्हिडिओ लावला की तिथेच काळ्या पट्ट्या येतात. प्लाझ्मात सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि टी दाबून टाइल एडिटर, म्हणजे पडद्याचे कप्पे पाडायची सोय, उघडा आणि 25-50-25 अशी विभागणी करा. कडेच्या 860 पिक्सेलमध्ये 80 अक्षरांची ओळ आरामात बसते. ब्राउझर मात्र मधेच ठेवा, कारण कडेच्या तेवढ्या रुंदीत बऱ्याच वेबसाइट मोबाइलचा अवतार धारण करतात.

केबल डिस्प्लेपोर्टचीच घ्या. जुन्या मदरबोर्डवरच्या एचडीएमआय 1.4 पोर्टला जोडलं तर पूर्ण रिझोल्यूशनला 100 हर्ट्झ मिळणारच नाहीत. 50 मिळाले तरी नशीब. 2.0 ला 100 हर्ट्झ निघतात. त्याहून वेगवान पॅनेल घेणाऱ्या एएमडीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं: मुक्त-स्रोत ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय 2.1 आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये फेटाळला. खोक्यावरचा 2.1 चा शिक्का बघून हुरळू नका.

डिस्प्लेपोर्टचंही एक दुखणं आहे. मॉनिटर झोपला की संगणकाला वाटतं केबलच उपसली, आणि दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर सगळ्या खिडक्या तिकडे पळतात. मॉनिटरच्या मेनूत 'डीप स्लीप' बंद केलं की बहुतेक वेळा हे थांबतं.

कारखान्यातून आलेला ब्राइटनेस डोळ्यांत खुपतो. बटणं चाचपत बसू नका. डीडीसीयूटिल (ddcutil, केबलमधूनच मॉनिटरच्या सेटिंग बदलणारं साधन) टाका आणि टर्मिनलमध्ये 'ddcutil setvcp 10 30' ही आज्ञा द्या; 10 हा ब्राइटनेसचा क्रमांक, 30 ही त्याची पातळी. मॉनिटर सापडत नाही असं उत्तर आलं तर आयटूसी-डेव्ह (i2c-dev) हे कर्नल मॉड्यूल चालू आहे का ते बघा. प्लाझ्मात हेच काम ट्रेमधल्या स्लायडरनेही होतं.

आयपीएसऐवजी व्हीए जातीचं पॅनेल स्वस्त पडतं, काळाही गडद दाखवतं. पण काळ्या टर्मिनलमध्ये भराभर स्क्रोल केलं की अक्षरांमागे शेपूट दिसतं, आणि रिफ्रेश रेट बदलता ठेवला तर गडद भाग लुकलुकू शकतात. गेम आणि सिनेमासाठी घ्या, मजकुरासाठी नको.

मीटिंगमध्ये अख्खी स्क्रीन शेअर केली तर लॅपटॉपवाल्यांना मुंग्या दिसतात. वेलँडवर शेअर करताना काय दाखवायचं ते पोर्टलची (ॲपला परवानगी देणाऱ्या सोयीची) खिडकी विचारतेच. तिथे 'स्क्रीन' ऐवजी 'विंडो' निवडा.