डबल आयलिड: टाके की चिरा?
कोरिया, जपान, तैवानमध्ये पापणीवर घडी पाडून घ्यायची सर्जरी खूप कॉमन आहे, सोलच्या गंगनममध्ये तर एकेका बिल्डिंगमध्ये चार-चार क्लिनिक, पण मुळात पद्धती दोनच आणि त्यातली कुठली हे तुमची पापणी ठरवते, पॅकेज नाही.

टाक्याची पद्धत जुनी, जपानच्या मिकामो नावाच्या डॉक्टरनं १८९६ मध्येच रेशमाच्या धाग्यानं केली होती. आता बारीक नायलॉन धागा आतून ओवतात, चिरा नाही, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, सूज बरीचशी आठवडाभरात उतरते आणि नाही आवडलं तर लवकर गेलात तर धागा काढताही येतो. पापणी पातळ असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. फक्त जाड पापणीत धागा सैल पडतो आणि काही वर्षांनी घडी पुसट होते.

चिऱ्याच्या पद्धतीत जादा कातडी, चरबी काढतात आणि कातडी आत पापणी उचलणाऱ्या पडद्याला शिवतात, म्हणून घडी पक्की. टाके पाच-सात दिवसांत निघतात, पण सुरुवातीला घडी हवी त्यापेक्षा रुंद, सुजलेली दिसते, आरशात बघून पोटात गोळा येतो, ती नीट बसायला कित्येक महिने जातात. आणि घडी फार उंच शिवली गेली तर खाली आणणं महाकठीण, त्यामुळे डॉक्टर बारीक तारेनं पापणी दाबून घडी दाखवतात ना, तेव्हा घाई करू नका, उठून बसा, डोळे उघडा-मिटा, दोन-तीन उंच्या बघा आणि मगच हो म्हणा.