सिगारेट सोडायला व्हेप की निकोटिनचा च्युइंगम?

व्हेपच्या, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायच्या ई-सिगारेटच्या, बाजूनं पुरावा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधल्या ८८६ जणांवरच्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. वर्षभरानंतर व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटपासून सुटले होते. निकोटिनचा च्युइंगम, अंगावर चिकटवायच्या पट्ट्या अशी औषधं घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, म्हणून धुरातलं डांबर नाही. झुरक्याची सवयही भागते. पण व्हेपवर सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते.

शिवाय तिथला व्हेप नियमांखाली विकला जातो आणि दोन्ही गटांना समुपदेशन होतं. आपल्याकडे २०१९ च्याच कायद्यानं विक्री, आयात, साठवण सगळं बंद केलंय. साताऱ्यात हाती येईल तो माल चोरून आलेला. त्यात निकोटिन किती आणि आणखी काय, याला जबाबदार कोणीच नाही. एवढ्यासाठीच मी इथल्या माणसाला व्हेप सुचवणार नाही.

च्युइंगम पोवई नाक्यावरच्या औषध दुकानात मागा. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर बहुधा ४ मिलिग्रॅमचा लागतो; त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांकडेच जा.

‘खाल्ला, पण तलफ गेली नाही’ असं पुष्कळ जण म्हणतात. अनेकदा चूक खाण्याच्या पद्धतीत असते. सावकाश चावायचा, तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. भराभर चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहाही नको, कारण त्यानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. टपरीवर चहा आणि सिगारेट जोडीनंच घेणाऱ्याला हे फार जड जातं. पहिले काही आठवडे त्यानं टपरीचा चहा घरीच घ्यावा.

‘नुसती कमी करतो’ म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: रोज वीस सिगारेटी ओढल्यानं हृदयविकाराचा जो धोका वाढतो, त्यातला जवळपास निम्मा रोजच्या एका सिगारेटीनंही राहतो. आणि सिगारेटऐवजी मावा धरणं म्हणजे तोंडाच्या कर्करोगाला आवतण.

च्युइंगमसोबत १८००-११-२३५६ या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्विटलाइनवर फोन करा. औषधाला बोलण्याची जोड मिळाली की सुटण्याची शक्यता वाढते.